सायाळबाई आणि मखमली पडदा

फार मागची गोष्ट. तेव्हा जनावरांनाही समित्या नेमायची खोड होती. रानातली शाळा एका गुहेत भरायची आणि आत भर दुपारी काळोख असायचा. म्हणून रानाच्या खजिन्यातून आत दिवा टांगला, वर माथ्यावर सोलर पॅनल बसवलं. आता पिल्लांना फळा दिसेल, म्हणून शिकवणाऱ्या सायाळबाई हरखल्या.

पण पॅनलवर मखमली पडदा होता. अनावरण गवेसाहेबांच्या हस्ते व्हायचं होतं आणि गवेसाहेबांना वर्षभर सवड झाली नाही. मग ओरड सुरू झाली, हा खर्च हवा होता कशाला? चौकशीला कोल्हेसाहेबांची समिती आली.

"दिवा लागत नाही," कोल्हेसाहेबांनी निकाल दिला. "आपल्या रानाच्या उन्हात दमच नाही!"

"साहेब, तेवढा पडदा काढून बघू का?" सायाळबाईंनी विचारलं.

"अनावरणाआधी? बाई, रीतभात काही आहे की नाही?"

गुहेच्या तोंडाशी बसून अहवाल लिहिता लिहिता समिती घामाने निथळली. ऊन मी म्हणत होतं. शेवटी कोल्हेसाहेबांनीच पॅनलवरून लोंबणारा पडदा खाली ओढून डोक्यावर घेतला आणि गुहेत लख्ख उजेड पडला. पिल्लं फळ्यावरचा धडा मोठ्याने वाचू लागली.

कोल्हेसाहेब दचकले. 'दिवा परवानगीशिवाय लागतो, सबब धोकादायक,' अशी त्यांनी अहवालात भर घातली आणि सायाळबाईंना हुकूम सोडला, "पडदा होता तसा घाला!"

"जशी आज्ञा," म्हणत सायाळबाईंनी पडदा अदबीने पाठीवर घेतला, काटे फुलवले आणि सावकाश वर चढल्या. माथ्यावर पोचेपर्यंत मखमलीच्या चिंध्या झाल्या होत्या. खाली पिल्लं दुसऱ्या धड्यावर आली होती.