शेवटची नळी आणि चौदा पायऱ्या

"पण बाई, सगळं जोडलं गेलंय, मग मेलं कसं?"

हणमंत तुपे दारातूनच विचारत होता. चप्पल काढायचंही भान नाही! विद्यापीठातला हुशार मुलगा, आणि आपण हुशार आहोत हे सगळ्यांत आधी त्याचं त्यालाच कळलेलं.

वत्सलाबाई खांडेपारकर खुर्चीत बसल्या होत्या. पस्तीस वर्षं त्यांनी प्रथिनांचं रसायन शिकवलं. गेल्या वर्षी अर्धांगवायूनं डावा हात नेला, पाय अर्धा नेला. जिभेला मात्र हात लावायची त्याचीही छाती झाली नाही.

"काय जोडलंस?"

"अँटिबॉडीला एन्झाइम. अँटिबॉडी कर्करोगाची पेशी ओळखून धरते, एन्झाइम तिथं रंग उमटवतं. रोग लवकर दिसावा म्हणून."

"मग?"

"धरतच नाही हो! पेशी पुढ्यात ठेवली तरी ओळख ना देख."

"जोडलंस कुठं?"

"जागा मिळेल तिथं. ऐंशीच्या वर जागा आहेत तिच्यावर. एवढी भरगच्च जोडणी आमच्या विभागात आजवर कुणाला जमलेली नाही, बाई."

"वा. नवरी दागिन्यांनी एवढी मढवलीस, की तिला हात हलवता येईना."

हणमंतचा चेहरा पडला. त्यानं खिशातून कागद काढला. अँटिबॉडीची आता एकच नळी उरली होती. उद्या तीही वाया गेली तर काम बंद, असं गाइडनं तोंडावर सांगितलं होतं. तीन वर्षं पाण्यात. कागदावर उद्याचा बेत होता : जोडणारं रसायन दुप्पट.

बाईंनी कागद वाचला. घडी करून परत दिला.

"चल, मला खाली ने. फिरायची वेळ झाली."

जीव टांगणीला लागलाय आणि ह्यांना फिरायचं सुचतंय! तरी त्यानं बाईंना आधार देऊन उठवलं. वसतिगृहात तापानं फणफणला होता तेव्हा ह्याच बाई डब्यातून पेज घेऊन आल्या होत्या, आणि तो पिईपर्यंत उठल्या नव्हत्या.

जिन्याशी येताच तो एक पायरी खाली उतरला, वळला आणि त्यानं बाईंचे दोन्ही हात घट्ट धरले.

"या. मी आहे."

बाईंनी पाऊल उचललं... ते तसंच अधांतरी राहिलं.

"उतरा ना, बाई."

पाऊल हललं नाही.

"भीती वाटते का? मी धरलंय की."

"धरलंयस खरं."

त्यानं आणखी घट्ट धरलं. पाऊल मुकाट्यानं मागं गेलं.

दोघं तसेच उभे.

मग त्याला मुठीत काहीतरी हललेलं जाणवलं. बाईंचा उजवा हात. बोटं कठड्याकडं वळत होती. तिथलं लाकूड रोजच्या तळव्यानं गुळगुळीत झालं होतं.

हणमंतनं मूठ उघडली.

उजव्या हातानं कठडा गाठला. लुळा डावा हातही त्यानं सोडला. त्या हाताच्या कोपराखाली नुसता आपला तळवा ठेवला.

एक पायरी. दुसरी... नवव्या पायरीवर तोच थांबला.

"बाई... अँटिबॉडीचे धरायचे दोन हात वर असतात. खाली शेपटाला साखरेची साखळी असते. बाकी कुठं हात न लावता, फक्त तिथंच जोडलं तर..."

"पायरीकडं बघ. पडशील."

चौदाव्या पायरीनंतर अंगण आलं. त्यानं एका हातानं खिशातला कागद काढला, चुरगाळला, परत कोंबला. दुसरा हात अजून कोपराखालीच होता.

"आता सोडू, बाई?"

बाईंनी फाटकाकडं पाहिलं. मग कोपराखालच्या हाताकडं.

"तो राहू दे."