माथ्यावरचा फाजील दगड

शके १८५३, वैशाख वद्य पंचमी. ऊन रणरणत होते. सटवाजी पाथरवटाने इनामदारांच्या मळ्याची दगडी कमान त्या दिवशी पुरी केली. मजुरी ठरली होती चार पोती ज्वारी. इनामदारांनी तीनच बाहेर काढली.

"माथ्यावरच्या त्या एका दगडावर तू आठ दिवस घालवलेस, सटव्या. ते काम फाजील. एक पोतं कापलं."

सटवाजीच्या कपाळाची शीर ताठ झाली. पोते गेले ते गेलेच, पण चाळीस वर्षांत त्याच्या कामाला कोणी फाजील म्हटले नव्हते.

"फाजील म्हणजे काय, धनी?"

"एवढंही कळत नाही? काढून टाकलं तरी ज्याच्यावाचून काही अडत नाही, ते फाजील!"

भोवतीचे गडी हसले. सटवाजीने कमानीला शिडी लावली आणि पहार उचलली.

"मग काढतोच तो दगड. तुम्ही फक्त कमानीखाली उभे राहा. काही अडलं नाही, तर चारही पोती तुमची."

इनामदारांनी वर पाहिले. दोन्ही बाजूंचे दगड त्या एकाच दगडाला रेलून उभे होते. गडी हसायचे थांबले. इनामदार चार पावले मागे सरले.

चौथे पोते सटवाजीच्या गाडीत चढले.