राहीथडीचा बारावा भोपळा

न्हाई! कुठल्या राहोजी सरदाराचं नाव न्हाई आपल्या गावाला. पाटीवर तसं लिवनाऱ्याला म्हनावं, तुझ्या सरदारानं हितं कधी घोड्याला पानी तरी पाजलं व्हतं का रं? राहीथडी हे राही कोळनीचं नाव हाय. बस खाली अन् ऐक.

लई जुनी गोष्ट, आज्याच्या आज्यानं बी ऐकल्याली. तवा नदीच्या थडीला बारा घरं. पूल न्हाई, होडी न्हाई. राही सांगडीवर मानसं पल्याड न्यायची. सांगड म्हंजी बांबूची चौकट अन् खाली बांधल्याले वाळले दुध्या भोपळे. दर घरानं येलावरचा एक भोपळा वाळवून राहीला द्यायचा, ही रीत. राहीच्या सांगडीवरनं एक बी मानूस बुडालं न्हाई, आसं म्हंत्यात.

एका वर्साला अकराच भोपळे आले. शेजारच्या गोजरानं आपला कवळाच कापला.

"जावई आला व्हता, राहे. खीर केली. एकानं काय बुडतंय?"

"कोन बुडतंय त्ये पानी ठरवतं, गोजरे."

त्या श्रावणात नदी चढली. मागचा वढा बी तुंबला, घरं मधी अडकली. राहीनं एकेक घर सांगडीवर घालून नदीपल्याडच्या माळावर नेलं. बिनभोपळ्याच्या कोपऱ्यावर तिनं कुनाला बसू दिलं न्हाई. शेवटच्या खेपंला गोजरा, तिचा जावई अन् दिवस भरल्याली लेक. लेकीला आडवी निजवावी लागली, तिचं पाय त्या मोकळ्या कोपऱ्यावर आलं. मधल्या धारंत त्योच कोपरा खाली गेला.

"राहे, मी उतरते!" गोजरा वरडली.

"गप बस. लेकीला धर."

राही पान्यात उतरली अन् भोपळ्याच्या जागी आपला खांदा लावला. सांगड सरळ झाली, धार कापत माळाला लागली. गोजरानं राहीला वर घ्याया हात घातला, तर खाली राही न्हाई. तिच्या जागी एक वाळला भोपळा, राहीच्या पदराच्या चिंधीनं बांधल्याला. आसं म्हंत्यात. म्या बघितलं न्हाई, पर खोटं म्हननाऱ्याच्या दारात मी पानी बी पेनार न्हाई.

पूर वसरल्यावर गोजराच पयली खाली आली. म्हनाली, "ही राहीची थडी." तवापासनं हेच नाव.

आता पूल हाय. तरी नारळी पुनवंला गाव थडीला जमतं, घरोघरच्या वाळल्या भोपळ्यांची सांगड बांधतं, अन् एक कोपरा मोकळा ठिवून पान्यात सोडतं. त्यासाठी येलावरचा शेवटचा भोपळा कुनी कापत न्हाई, जावई दारात आला तरी.

तुझ्या येलावर एकच उरलाय. इळा ठेव खाली.