लांबोडी आणि टिकली

फार वर्षांपूर्वी गुलबाईंच्या बंगल्यात आपोआप वाजणारा पियानो होता. त्यात भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी फिरे. भोकातून हवा शिरली की आत हातोडी पडे आणि सूर वाजे.

त्या गुंडाळीवर, गाणं ऐन रंगात येई तिथे, टिकली नावाचं चालीच्या सुराचं भोक होतं. तिच्या मागून, केसभर अंतर ठेवून, साथीच्या सुराचं लांबट भोक, लांबोडी, यायचं. टिकलीच्या वेळी कागदाच्या काठावरची दोन बारीक जुळी भोकं उघडत, हवेला जोर चढे आणि टिकली खणखणीत वाजे. गुलबाईही तिथेच गळा मोकळा करत. त्यांचे यजमान हयात होते तेव्हा दोघं मिळून हेच गाणं गात. लांबोडी येईपर्यंत जुळी मिटलेली असत. तिचा नुसता जळफळाट होई.

"माझ्यासाठी का नाही गं उघडत?" तिनं जुळ्यांना विचारलं.

"आम्ही जागच्या हलत नाही, बाई. त्या क्षणी जो वाजेल, त्याला जोर."

"मग मीच पुढे येते!"

कागद ताणला गेला की लांबोडी अंग पुढे रेटू लागली. एका संध्याकाळी तिची पुढची कड टर्रकन फाटली आणि ती टिकलीच्या बरोबरीनं दणकून वाजली.

गुलबाई गाता गाता थांबल्या आणि पियानो लावून देणाऱ्या मोलकरणीकडे वळल्या. "दुर्गा, कुठलं गाणं लावलंस हे?"

"तेच की, बाई. रोजचंच."

"नाही गं. हे आमचं नाही," असं म्हणून गुलबाई उठून आत गेल्या.

लांबोडी अजून घुमतच होती.