एकतिसावा नियम

एका कंपनीने गावच्या वाचनालयाला मोफत अ‍ॅप दिलं आणि कोण काय वाचतं याची यादी परस्पर जाहिरातवाल्यांना विकली. ग्रंथपाल मृदुला केरकर यांनी जाब विचारला, तेव्हा कंपनीचे मोठे साहेब दिघे स्वतः आले. दाराशी ठेवलेल्या नियमांच्या जाड वहीत सही ठोकून ते ऐटीत बसले.

“सभासदांनी अटी मान्य केल्यात, बाई. बेचाळीस पानांत सगळं लिहिलंय.”

“मग तुमचा फोन द्या. त्यातले फोटो फलकावर लावायचेत. तुम्ही आत्ता सही केलीत ना, त्या वहीतला एकतिसावा नियम आहे तो.”

दिघ्यांनी फोन घट्ट धरला. “सही करताना एवढं कोण वाचत बसतं?”

केरकरबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. “हेच लिहून द्या. आमच्या सहाशे सभासदांचंही तेच म्हणणं आहे.”