युद्ध संपल्यानंतरची गोष्ट

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एका लहानशा गावी एकदा एक वृद्ध इतिहासाचे अध्यापक राहत होते. मूळचे वाईचे. तरुणपणी शिकवायला म्हणून तिकडे गेले आणि तिथलेच झाले. निवृत्तीनंतरही गावातली मराठी मुले रविवारी त्यांच्याकडे इतिहास वाचायला येत. निमकर सर हेच त्यांचे सर्वांसाठी नाव.

त्या मुलांमध्ये निहार नावाचा एक बुद्धिमान तरुण होता. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले तेव्हा तो कॉलेजात होता. त्या दिवसापासून त्याचे चित्त कशात लागेना. पुढल्या वर्षी इराकवर चढाई होणार अशी चर्चा सुरू झाली. घरोघरी झेंडे लागले, टीव्ही दिवसभर चालू राहू लागले. आणि एके सकाळी निहारने घरी सांगून टाकले, की मी सैन्यात भरती होतो आहे.

त्याची आई सुनेत्रा धावतच सरांकडे आली. "सर, तो तुमचं ऐकतो. त्याला थांबवा."

"मी त्याच्याशी बोलेन," सर म्हणाले.

संध्याकाळी निहार आला तो वाद घालायच्या तयारीनेच. सरांनी त्याला एवढेच विचारले, "का जातोस?"

"सर, एक्क्याण्णव साली आपण इराकच्या तावडीतून कुवेत सोडवलं आणि मध्येच थांबलो. काम अर्धवट राहिलं. ते कुणीतरी पूर्ण करायला हवं."

"ठीक आहे. भरतीच्या कचेरीत मीच तुला सोडतो. उद्या सकाळी तयार राहा."

निहार गोंधळला. आईने हे ऐकले तेव्हा तिला सरांचा रागच आला. ज्याच्यावर भरवसा ठेवला, तोच मुलाला दारापर्यंत पोचवायला निघाला होता.

सकाळी सर त्याला घेऊन निघाले. वाटेत एका घरापाशी त्यांनी गाडी थांबवली. "माझे जुने स्नेही आहेत. पाच मिनिटं बसू."

ते घर वॉरन नावाच्या एका म्हाताऱ्या सुताराचे होते. त्याचा मुलगा डेल खिडकीशी बसला होता. वय पस्तिशीच्या आत, पण उठताना त्याने खुर्चीचे दोन्ही हात धरले. सरांनी निहारची ओळख करून दिली आणि तो कुठे निघाला आहे तेही सांगितले.

वॉरनने निहारला समोर बसवले. मग म्हणाला, "माझे वडील जर्मनांशी लढून परतले तेव्हा गावाने मिरवणूक काढली होती. ती गोष्ट ऐकतच मी वाढलो. म्हणून व्हिएतनामला मी सक्तीच्या भरतीच्या बोलावण्याची वाट न पाहता गेलो. परत आलो तेव्हा स्टेशनवर फक्त आई होती."

"आणि घरी आल्यावर बाबा बोलायचेच बंद झाले," डेल म्हणाला. "भांडं पडलं तरी दचकायचे. मला वाटायचं, एखादं युद्ध आपण नीट जिंकून आणलं की हे घर बरं होईल. म्हणून मी कुवेतला गेलो. जिंकलोसुद्धा. पण आल्यापासून सांधे धरलेत, बोलता बोलता शब्द हरवतात. डॉक्टरांना कारण सापडत नाही." तो निहारकडे वळला. "तू कशासाठी जातोयस?"

निहारच्या तोंडून रोजचे वाक्य निघून गेले, "तुम्ही अर्धवट सोडलेलं पूर्ण करायला."

डेलने मान खाली घातली.

"म्हणजे तुझं कारण मी आहे," तो हळूच म्हणाला.

गाडीत बसल्यावर निहार म्हणाला, "सर, मला असं म्हणायचं नव्हतं."

"तू खोटं बोलला नाहीस," सर म्हणाले. "परीक्षेत तुम्ही युद्धाची कारणं एका प्रश्नात लिहिता आणि परिणाम दुसऱ्यात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये अशी रेघ नसते. या देशाने मेक्सिकोकडून भूमी जिंकली. त्या नव्या भूमीत गुलाम ठेवायचे की नाही, यावरून तंटा वाढत गेला आणि काही वर्षांत देश आपसातच लढला. जपान हरल्यावर व्हिएतनाममध्ये फ्रेंच परत आले, त्यांच्यामागून अमेरिका गेली. मागच्या युद्धाचं जे उरतं, तेच पुढच्याचं कारण होऊन बसतं. राष्ट्रात घडतं तेच वॉरनच्या घरात घडलं."

"मग लढायचंच नाही का?"

"असं मी कोणत्या तोंडाने सांगू? गुलामांच्या बेड्या युद्धानेच तुटल्या. पण निघण्यापूर्वी माणसाने विचारावं, की हे संपल्यावर काय उरेल आणि ते कोण सांभाळेल? तुला सुरुवात पाठ आहे. शेवटाबद्दल तू मला अजून एक शब्द सांगितलेला नाहीस."

भरतीच्या कचेरीपाशी सरांनी गाडी थांबवली. "उतर."

निहार बसून राहिला. दार उघडून मुले आत जात होती, हसत बाहेर येत होती. त्यातली दोघे त्याच्या वर्गातली होती. आत जाणे त्याला जमेना आणि परत फिरण्याची लाजही वाटत होती.

"आज नको," अखेर तो म्हणाला.

"उद्या जावंसं वाटलं तर सांग. मी पुन्हा सोडेन," सर म्हणाले आणि त्यांनी गाडी वळवली.

वसंतात युद्ध सुरू झाले. बगदाद पडले, लोकांनी जल्लोष केला. निहारचे मित्र तिकडे होते. आपण भ्यालो की शहाणे झालो, हे त्याला कळत नव्हते आणि झोप येत नव्हती. मग एके दिवशी बातमी आली, की इराकचे सारे सैन्य बरखास्त केले आहे. लाखो माणसे कामाविना घरी बसली, आणि त्यातल्या अनेकांकडे बंदुका होत्या. निहारने सरांना फोन केला.

"सर, पुढचं कारण तयार होतंय."

"हो," सर म्हणाले. "आता तू काय करणार?"

त्या शनिवारी निहार वॉरनच्या घरी गेला. डेलला शहरातल्या इस्पितळात न्यायचे होते आणि वॉरनला आता लांब गाडी चालवता येत नव्हती. डेलने त्याला ओळखले. त्याने हात पुढे केला, निहारने त्याला आधार देऊन उठवले आणि दोघे सावकाश पायऱ्या उतरले.

युद्धाची कारणे सांगायला सारा देश पुढे येतो. परिणामांच्या शेजारी बसायला फार थोडी माणसे लागतात, आणि तेवढीही मिळत नाहीत.