नाकतोड्याचा लोकरीचा पाय

एक होता नाकतोडा. एवढुस्सा. हिरवा हिरवा. पण रुबाब केवढा! चालायचा म्हणून नाही. कुठेही जायचं तर टुणुक टुणुक टुणुक.

एकदा काय झालं, तो खिडकीतून शाळेत आला. शाळेत होती रेणू. रेणूला डोळ्यांनी दिसत नाही. ती बोटांनी बघते. चित्रही काढते बरं का. तिची पाटी खरखरीत. तिच्या पेनात हिरवी लोकर. पेन सरकतं सर सर सर, लोकर चिकटते पाटीवर. वरून बोट फिरवलं, की चित्र कळलं.

आज रेणू नाकतोडा काढत होती. डोकं काढलं. पोट काढलं. मिशा काढल्या. छोटे छोटे पाय काढले. आता राहिला मागचा लांब पाय. उडीचा पाय. आणि लोकर संपली!

"बाई, लोकरीचा गुंडा सापडत नाही," रेणू म्हणाली. अगदी रडवेली झाली.

मोहितेबाई म्हणाल्या, "आधी जेवून घे बाळा. मग शोधू."

तेवढ्यात आला दिगू. रेणूचा मित्र. तोही बोटांनीच बघतो. त्याने चित्रावर बोट फिरवलं. म्हणाला, "मुंगी छान काढलीस हं."

मुंगी? नाकतोड्याच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. "आता जेवून सगळी मुलं येणार. चित्राला हात लावणार. मला मुंगी म्हणणार. छे छे. माझा पाय पाहिजे म्हणजे पाहिजे."

टुणुक टुणुक टुणुक. गेला पेनाकडे.
"पेनदादा, पेनदादा, माझा पाय काढ ना."
"मी नाही जा. माझं पोट रिकामं. गुंडेरावांना आण, मग काढीन."

टुणुक टुणुक टुणुक. गेला कपाटामागे. तिथे होते लोकरीचे गुंडेराव.
"गुंडेराव, गुंडेराव, चला ना.
पेन चालेना,
माझा पाय काही मिळेना."
"मी नाही जा. माझ्या अंगावर भोपळीमावशी बसलीय. तिला उठव, मग येईन."

भोपळीमावशी म्हणजे शाळेची मांजर. गोल गोल, गरगरीत. नाकतोडा जरा लांबच उभा राहिला. शहाणा होता तो.
"भोपळीमावशी, भोपळीमावशी, ऊठ ना.
गुंडा सुटेना, पेन चालेना,
माझा पाय काही मिळेना."
"मी नाही जा. इथे कशी छान ऊब आहे. खिडकीत ऊन आण, मग उठेन."

टुणुक टुणुक टुणुक. गेला अंगणात. वर बघितलं.
"सूर्यदादा, सूर्यदादा, ऊन पाठव ना.
मावशी उठेना,
गुंडा सुटेना, पेन चालेना,
माझा पाय काही मिळेना."
"मी नाही जा. पडदा आडवा आलाय. त्याला हलव, मग पाठवीन."

टुणुक टुणुक टुणुक. गेला पडद्याकडे.
"पडदेबुवा, पडदेबुवा, हला ना.
ऊन शिरेना, मावशी उठेना,
गुंडा सुटेना, पेन चालेना,
माझा पाय काही मिळेना."
"मी नाही जा. आपला आपण हलू कसा? वारोबाला आण, मग हलेन."

टुणुक टुणुक टुणुक. गेला चिंचेच्या झाडावर. वारोबा तिथे घोरत पडला होता. घुर्रर्र, घुर्रर्र.
"वारोबा, वारोबा, चल ना.
पडदा हलेना,
ऊन शिरेना, मावशी उठेना,
गुंडा सुटेना, पेन चालेना,
माझा पाय काही मिळेना."
"मी नाही जा. मला येतोय कंटाळा. छानसं गाणं ऐकव, मग येईन."

आली का पंचाईत! आता गाणं कोणाकडे मागायचं? नाकतोडा दमून फांदीवर बसला. इकडे बघितलं. तिकडे बघितलं. मग स्वतःकडे बघितलं. अरेच्चा, गाणं तर आपल्याच पायात आहे की.

त्याने आपला लांब पाय उचलला. पंखावर घासला.
किर्र किर्र किर्र.

वारोबा उठला, फूऽऽऽ.
पडदा हलला, फडफड फडफड.
ऊन शिरलं, लख्ख.
मावशी उठली, म्याऊँ. आळस दिला, खिडकीत जाऊन बसली.
गुंडेराव सुटले. गडगड गडगड गडगड, थेट रेणूच्या पायाशी.
मागोमाग नाकतोडाही आला, टुणुक टुणुक टुणुक, रेणूच्या टेबलावर.

रेणू नुकतीच जेवून आली होती. वाकली. हात लावला. मऊ मऊ. "बाई, गुंडा मिळाला." केवढी हसली रेणू. तिने पेनात लोकर भरली. पण पेन टेकवलं नाही. ती ऐकत होती. किर्र किर्र किर्र.

"बाई, हा कोण गातोय?"
"नाकतोडा आहे गं. टेबलावर बसलाय. हात पुढे कर. दाबू नकोस हं."

रेणूने हात पसरला. टुणुक. नाकतोडा तिच्या तळहातावर. गुदगुल्या झाल्या. रेणूने एक बोट हळूच त्याच्या लांब पायावर ठेवलं. नाकतोडा हलला नाही. एरवी बसला असता का कधी इतका गप्प?

"बाई, ह्याचा गुडघा पाठीच्याही वर आहे."

मग रेणूने पेन टेकवलं. सर सर सर वर. सर सर सर खाली. झाला पाय.

मुलं आली. दिगू पुढे आला. चित्रावर बोट फिरवलं. डोकं. पोट. छोटे छोटे पाय. मग बोट वर गेलं, वर गेलं, आणि खाली आलं. दिगू थांबला.

"रेणू, ही मुंगी नाही. हा उडी मारतो."

"हो," रेणू म्हणाली. "आत्ताच माझ्या हातावर मारली."

नाकतोड्याने मिशा पुसल्या. खिडकीकडे निघाला. कसा? टुणुक टुणुक टुणुक.

नाकतोड्याला मिळाला पाय,
आता तुमचं म्हणणं काय?